तीन टनांचा ड्रॅगन टेबलावर कसा आणावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या साहसकथेच्या खेळाची पाचवी आवृत्ती चालवता, गटातला एक जण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि तो दर मॉन्स्टरला हरकत घेतो. एवढा मोठा ड्रॅगन उडणारच नाही, एवढ्या उंच माणसाच्या मांड्या मोडतील, वगैरे. भौतिकशास्त्र आणायची हौस तुम्हालाही आहे, पण आणलं की लढाई थांबते आणि तास सुरू होतो. मग किती आणावं, आणि सुरुवात कुठून करावी?

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ‘हा प्राणी शक्य आहे का’ हा एक, आणि ‘हा आहेच असं धरलं तर त्याचे दिवस कसे जात असतील’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ येतं आणि त्या ‘नाही’चं टेबलावर काहीच करता येत नाही. दुसऱ्यातून मात्र गुहेची जागा मिळते, शिकारीची वेळ मिळते, चिखलातल्या खुणा मिळतात, आणि खेळाडूंना हुडकायला एक दुखरी नस मिळते. म्हणून पहिला प्रश्न मी सेशनच्या आधीच निकालात काढतो. प्रत्येक प्राण्याला एक थाप माफ. ड्रॅगनचे स्नायू आणि हाडं कुठल्याही खऱ्या प्राण्यापेक्षा मजबूत आहेत, ही त्याची थाप. अवाढव्य कोळ्याला पुरेसा ऑक्सिजन मिळतो, ही त्याची. ही थाप गटाला उघड सांगायची. बाकी सगळं हिशेबाने.

किती आणायचं हे गटावर आणि कॅम्पेनवर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला, जंगलात वाट शोधत, अन्नपाणी मोजत खेळणारा गट असेल तर हे सगळं रंगतं. पंधराव्या लेव्हलला, जिथे जादूगार लढाईच्या दर राउंडला, म्हणजे दर सहा सेकंदांना, वास्तवाची मोडतोड करतोय, तिथे राक्षस दिवसाला किती बोकड खातो हा हिशेब कोणी ऐकणार नाही.

आता सोप्यापासून सुरुवात करू, म्हणजे जायंटपासून, माणसासारख्याच पण अवाढव्य राक्षसापासून. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हे नीट मांडलंय: लांबी-रुंदी-जाडी सगळं दुप्पट केलं तर हाडाचा काटछेद चौपट होतो, पण वजन आठपट. म्हणजे हाडाच्या दर चौरस सेंटीमीटरवरचा भार दुप्पट. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात याच हिशेबाने गोष्टींतल्या राक्षसांच्या मांड्या मोडून दाखवल्या. तुमचा विद्यार्थी तेच म्हणतोय. (हे हॉल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) पण हॉल्डेनचे राक्षस माणसाच्या दहापट उंच होते. खेळाच्या नियमपुस्तकातले जायंट तेवढे नाहीत, आणि इथेच विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल द्यावी.

हिल जायंट १६ फूट, म्हणजे पावणेपाच मीटरच्या थोडा वर. पावणेदोन मीटरच्या माणसाच्या २.८ पट. वजन २.८ चा घन, सुमारे २२ पट, म्हणजे दीड टन. हाडांवरचा ताण २.८ पट. पाय थोडे जाड केले की जमून जातं. स्टॉर्म जायंट २६ फूट, साडेचार पट उंच, वजन साडेसहा टन. हे आफ्रिकन हत्तीचं वजन झालं, आणि तेही दोनच पायांवर. मांड्या लगेच मोडणार नाहीत, पण हत्तीने जी तडजोड केलीय ती यालाही करावी लागेल: पाय खांबासारखे सरळ, गुडघे कमी वाकवायचे, उडी कधीच नाही. म्हणून माझा स्टॉर्म जायंट डॅश करतो (एका पाळीत दुप्पट अंतर कापतो) तेव्हा झपझप चालतो, धावत नाही, आणि सहा फुटी खंदकापुढे थांबून वळसा घालतो. खेळाडूंच्या हे लक्षात आलं की पुढची लढाई ते खंदकाजवळच आखतात.

चालण्याचा वेग गंमतीचा आहे. पाय लंबकासारखा झुलतो, म्हणून सहज चालण्याचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. माणसाचे राउंडला ३० फूट धरले तर हिल जायंटचे ५० आणि स्टॉर्म जायंटचे ६४ निघतात. पुस्तकात ४० आणि ५० आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यांनी दिशा बरोबर पकडलीय, आकडे जरा हात राखून दिलेत. हे मी बदलत नाही. दहा फुटांसाठी स्टॅट ब्लॉक (प्राण्याचे छापील आकडे) मोडण्यात अर्थ नसतो.

आवाज मात्र फुकटात मिळतो. स्वरतंतू आणि घसा जितके पट मोठे, तितके पट सूर खाली. पुरुषाचा बोलण्याचा सूर १२० हर्ट्झ धरला तर हिल जायंटचा ४३, स्टॉर्म जायंटचा २६. हे कानाला कमी आणि छातीला जास्त कळतं. तेव्हा जायंटचं बोलणं करताना घसा खरवडून ओरडू नका. हळू बोला, आणि वर्णनात सांगा की टेबलावरचा पेला थरथरला, गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली, आणि शब्द त्यानंतर कळले.

पडणं हा खरा खजिना आहे. पुस्तकात दर १० फुटांना १ डी ६ (सहा बाजूंच्या एका फाशाएवढी) इजा, कमाल २० डी ६. हा नियम वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. पडण्यातली ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते, फासेही तसेच वाढतात. २०० फुटांवर वेग ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास जातो. माणसाचा कमाल वेग २००च्या घरात, म्हणजे मर्यादा जरा लवकर येते, पण चालतं. यात फक्त प्राण्याचा आकार धरलेला नाही. उंदीर विहिरीत पडून पळून जातो, घोडा फुटतो. मी टायनी (पुस्तकातल्या सगळ्यात लहान आकाराच्या) प्राण्यांना निम्मे फासे आणि ह्यूजच्या (जायंटएवढ्या आकाराच्या) वरच्यांना दुप्पट, एवढंच करतो.

आणि उभा जायंट आडवा झाला तर? उभी काठी टेकलेल्या टोकावरून कोसळते तेव्हा वरचं टोक दीडपट उंचीवरून सरळ पडल्याच्या वेगाने जमिनीवर येतं. स्टॉर्म जायंटचं डोकं ताशी ५५ किलोमीटरने आपटतं. उंची गुणिले दीड, भागिले दहा: स्टॉर्म जायंटला ४ डी ६, हिल जायंटला २ डी ६. पण सांभाळून. हा नियम दिलात की सगळा गट पाय ओढायलाच धावेल. माणसाएवढ्या पात्राला ह्यूज प्राण्याला ढकलून पाडता येत नाही, ही मूळ अट तशीच ठेवा. दोर, खड्डा, तेल, जादू यांनी पाडलं तरच हे फासे, आणि हात टेकवायला जागा असेल तर निम्मे.

ड्रॅगनकडे वळण्याआधी पोटाचा हिशेब. शरीराला दिवसाला लागणारी किमान ऊर्जा वजनाच्या पाऊणाव्या घाताने वाढते; मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवलेला हा नियम. किलोमधलं वजन घ्या, त्याचा ०.७५ घात काढा, ७० ने गुणा, किलोकॅलरी मिळतात. हालचालीसाठी दुप्पट करा. हिल जायंटचे सुमारे ३४,००० होतात. तीस किलोच्या बोकडातून खाण्याजोगं १५,००० धरलं तर दिवसाला दोन बोकड आणि वर थोडं. तीनशे शेरडांचा गाव साडेचार महिन्यांत रिकामा. तुमच्या साहसाची सुरुवात इथेच आहे: जायंट दुष्ट असण्याची गरजच उरत नाही, तो नुसता भुकेला असला तरी गावाला चार महिन्यांच्या आत कोणीतरी हवं. जाताना गावकरी जिथे बोट दाखवतील तिथे भातखाचरात त्याची पावलंही हवीत. पायाच्या तळव्यावरचा दाब माणसाच्या २.८ पट, म्हणजे आपला पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे तो पोटरीपर्यंत रुतणार आणि म्हणून बांधावरूनच चालणार.

आता ड्रॅगन. पाचव्या आवृत्तीत वजन दिलेलं नाही, ते आपणच ठरवायचं. मी मोठ्या लाल ड्रॅगनला तीन टन देतो, साधारण एका हत्तिणीएवढे. पंखविस्तार २५ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. तुलनेला माळढोकाचा नर घ्या, पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांत त्याची गणना होते. नामशेष झालेला क्वेट्झलकोटलस हा सगळ्यात मोठ्या उडणाऱ्या प्राण्यांपैकी एक, पंखविस्तार १० ते ११ मीटर, वजनाचे अंदाज २०० ते २५० किलोच्या आसपास. आपला ड्रॅगन त्याच्या दहापटीहून जड. ही ती माफ केलेली थाप.

पण थाप दिल्यावरही हवा तीच राहते. तीन टन तोलून धरायचे तर एवढ्या पंखांना किमान वेग लागतो सेकंदाला साडेसतरा मीटर, ताशी ६३ किलोमीटर. याच्या खाली तो पडतो. पुस्तकात त्याचा उडण्याचा वेग राउंडला ८० फूट. राउंड सहा सेकंदांचा, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरही नाही. गल्लीतली सायकल त्याला मागे टाकेल. एका जागी तरंगायचं म्हटलं तर आदर्श हिशेबानेही दीडशे किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. सरळ उडायला साठ पुरते. मजबूत स्नायूंची थाप त्याला साठपर्यंत नेते, दीडशेपर्यंत नाही. तेव्हा माझा ड्रॅगन तरंगत नाही, उडतो तेव्हा ताशी ८० ने उडतो, आणि वळायला त्याला जागा लागते. ४५ अंशांत कलून वळला तर वळणाची त्रिज्या ५० मीटर, पूर्ण फेरी ३१५ मीटर, वेळ चौदा सेकंद.

नकाशावर हे कसं दिसतं ते बघा. पाच फुटांचा एक चौकोन धरला तर ड्रॅगन एका राउंडला ऐंशीहून जास्त चौकोन जातो. इंचाचा चौकोन असेल तर तो दोन मीटर लांब टेबल ओलांडून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसेल. म्हणून हवेतल्या ड्रॅगनची मिनिएचर (छोटी मूर्ती) नकाशावर ठेवूच नका. बाजूला चिठ्ठी ठेवा: पहिला राउंड, झडप, दुसरा, लांब गेला, तिसरा, वळतोय, मग पुन्हा झडप, आणि कुठल्या दिशेने येतोय हे एक राउंड आधी सांगा. आगीचा श्वास फाशावर पाच किंवा सहा पडल्यावर परत मिळतो, सरासरी तिसऱ्या राउंडला. ही फेरी त्याला अगदी बरोबर बसते. खेळाडूंना मधले दोन राउंड मिळतात: आडोसा, दोरखंड, धनुष्य रोखून धरणं. झडपेच्या राउंडला धनुष्य रोखून धरलेल्या प्रत्येकाला वार मिळालाच पाहिजे, नाहीतर राउंडला ८० फूट उडणारा ड्रॅगन ४०० फूट उडणारा करून तुम्ही फक्त त्याला अजिंक्य केलंत. असल्या बदलांत सगळ्यात जास्त चूक इथेच होते: वेगाचा फायदा दिला जातो, न तरंगता येण्याचा तोटा द्यायचा राहून जातो.

त्याची गुहाही आता आपोआप ठरते. सपाट जमिनीवरून उठायला त्याला ताशी ६३ पर्यंत धावावं लागेल, तेही भरल्या पोटी. म्हणून तो कड्यावर राहतो आणि उडी टाकतो. कड्यावर वारा आदळून वर चढतो, दुपारी तापलेल्या माळावरून गरम हवा वर येते. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे याच दोन गोष्टींवर जगतात, गिधाडंही. एक मीटर खाली येताना दहा मीटर पुढे गेला तर ३०० मीटरच्या कड्यावरून तीन किलोमीटर फुकट. म्हणजे दुपारी अकरा ते चार हा त्याचा शिकारीचा वेळ, पहाट आणि गारठलेली रात्र ही खेळाडूंची. दरीच्या तळाशी गाठला तर तो पायी चढेल, ४० फुटांनी. दाट झाडीत २५ मीटरचे पंख उघडत नाहीत. खेळाडूंनी हे एखाद्या मेंढपाळाकडून काढून घेतलं पाहिजे: ‘दुपारच्याला येतो साहेब, सकाळच्याला कधी न्हाई.’

खाण्यात एक निवड करावी लागते. उष्ण रक्ताचा धरला तर त्याला दिवसाला चार बोकड लागतात, आणि मग शंभर वर्षं सोन्यावर झोपून राहणं जमत नाही. सरड्यासारखा थंड रक्ताचा धरला तर खर्च सुमारे दहावा हिस्सा, दर अडीच-तीन दिवसांना एक बोकड, वर्षानुवर्षं झोपही चालेल. पण मग सकाळी ऊन खाल्ल्याशिवाय तो हलणार नाही, बर्फात जवळजवळ दगड. कुठलंही एक घ्या. दोन्हींतलं सोयीचं तेवढं घेतलंत की विद्यार्थी पकडणार, आणि बरोबरच पकडेल.

आग ज्वालाग्राही वायूची असेल असं सगळे धरतात. वायू साठ फूट जाईपर्यंत विस्कटून जातो. तेलासारखा द्रव धरा. साठ फूट फेकायला सेकंदाला वीसेक मीटरचा वेग पुरतो, दर श्वासाला साडेचार लिटर म्हणजे चार किलो. मागे बसणारा धक्का नगण्य. दोन सेकंदांत फेकलं तर पाच किलोच्या पिशवीच्या ओढीएवढाही नाही, तेव्हा ‘आग ओकल्यावर मागे ढकलला जाईल’ हा वाद मिटला. पण चार किलो चरबी म्हणजे ३६,००० किलोकॅलरी, किमान अडीच बोकड. त्यामुळे मी त्याला भरल्या पोटी सहा श्वास देतो, उपाशी असेल तर दोन. द्रव आहे म्हणून तो खाली ठिबकतो, जिथे पडतो तिथे जळत राहतो, आणि उलट्या वाऱ्यात स्वतःच्या पंखांवर येतो. बॉम्बार्डियर भुंगा पोटातल्या दोन रसायनांची गाठ घालून उकळतं फवारतो, तेव्हा पोटात असलं काही बाळगणं निसर्गालाही अगदीच परकं नाही.

‘पण तो जादूने उडतो’ असं कोणी म्हणेल. म्हणू द्या, चांगलं उत्तर आहे. फक्त मग अँटिमॅजिक फील्ड या जादू बंद पाडणाऱ्या मंत्रात त्याचं काय होतं ते आधी लिहून ठेवा. पुस्तकाच्या नियमांप्रमाणे त्या मंत्राने ड्रॅगन खाली पडत नाही. तुमच्या जगात पडणार असेल तर ते खेळाडूंना ऐन वेळी कळता कामा नये.

जिलेटिनस क्यूबचं, म्हणजे आम्लाने भरलेल्या, सरपटत गिळत जाणाऱ्या जेलीच्या ठोकळ्याचं पटकन सांगतो. दहा फुटी घन, २८ घनमीटर, पाण्याएवढ्या घनतेने २८ टन. जमिनीवर दर चौरस मीटरला तीन टन भार. आपल्याकडे राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो जास्तीच्या भारासाठी धरतात, हा पंधरापट. तेव्हा क्यूब लाकडी तक्तपोशीवर कधीच भेटणार नाही, दगडी तळघरातच. आणि खरवसाची वडी ताटलीत कोपरे धरून उभी राहते, पण घंगाळभर खरवस उलटा केलात तर पसरतो. क्यूब चौकोनी आहे कारण बोळ दहा बाय दहाचा आहे, भिंती त्याला धरून आहेत. मोठ्या दालनात ओढून आणला तर तो पसरून पायाखालचा चिखल होतो. गिळण्याचा हल्ला जातो, पण सगळ्यांचे पाय भाजतात.

कोळ्याबद्दल एकच गोष्ट. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांना पाय ताणणारे स्नायू नसतात. पाय सरळ होतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. म्हणून मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी वळलेले दिसतात. अवाढव्य कोळ्याला एका वारात दहाच्या वर भोसकण्याची इजा झाली की दाब गळतो: वेग निम्मा, उडी बंद, पुढच्या त्याच्या पाळीपर्यंत. तलवारवाल्याने भाला उचलावा असं कारण याने मिळतं.

बिघडतं कुठे? निम्मे नियम आणि निम्मं भौतिकशास्त्र अशी खिचडी केली की. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: हजारो शेतकरी एका रांगेत, प्रत्येकजण रेडी ॲक्शनने (आधीच ठरवून ठेवलेल्या कृतीने) काठी पुढच्याला देतो, सहा सेकंदांत काठी कित्येक मैल जाते, आणि खेळाडू म्हणतो, आता या वेगाने लागलेली इजा मोजा. काठी पुढे गेली ती नियमांनी, वेगाची इजा मागायची भौतिकशास्त्राने. असं चालत नाही. नियमांनी गेली तर शेवटच्याने फेकलेल्या काठीची इजा, १ डी ४. भौतिकशास्त्राने जायची तर हजारो हातांतून सहा सेकंदांत काठी जातच नाही. डंजन मास्टरसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या, २०२४च्या पुस्तकात तर असल्या रांगेबद्दल चक्क इशारा दिलाय.

दुसरं, हिशेब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. जायंट पडल्यावर लागतं, तर खेळाडूचा बार्बेरियन (रानटी योद्धा) एन्लार्ज मंत्राने दुप्पट झाल्यावर वजनही आठपट होतं, आणि ती तक्तपोशी त्यालाही लागू.

तुमच्या विद्यार्थ्याला हरकत घेऊ नकोस असं सांगू नका. त्याला काम द्या. पुढच्या सेशनच्या आठवडाभर आधी त्याला एका प्राण्याचं नाव आणि एक माफ थाप पाठवा, लढाईची जागा मात्र सांगू नका. त्याने अर्धं पान परत पाठवायचं: वजन, रोजचं खाणं, एक खूण, एक दुखरी नस. त्यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि त्याच्या पात्राला त्या प्राण्याबद्दलच्या एका ज्ञानाच्या तपासणीवर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) द्यायचा. लढाई चालू असताना हात वर केला तर ‘लिहून ठेव, आज नियम’ एवढं पुरे. वही मात्र सेशननंतर खरंच उघडा. दोनदा टाळलीत की तिसऱ्यांदा तो लढाईतच बोलेल.